नफा वाढतोय, मग माझं बिल का अडकलंय?

प्रश्न : माझं वसई पूर्वेला पुठ्ठ्याचे खोके बनवायचं छोटं युनिट आहे, राहायला मुलुंडला. घरगुती उपकरणं बनवणारी, शेअर बाजारात नोंदलेली एक कंपनी आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. महिन्याला साधारण 16 लाखांचा माल जातो. उधारी 60 दिवसांची ठरली होती, ती वर्षभरात सरकत सरकत 115 दिवसांवर गेली. फोन केला की ‘या गुरुवारच्या पेमेंट रनमध्ये घेतलंय’ असं सांगतात. आता त्यांचे परचेस मॅनेजर माल दुप्पट करा म्हणतात, पण 90 दिवसांची उधारी लिहून मागतात. ‘कंपनीचा नफा 31 टक्के वाढलाय, बँकेतली रोकड जवळजवळ दुप्पट झालीय, तुम्हाला काळजी कसली?’ असं त्यांचं म्हणणं. आमच्या यजमानांना एवढी ऑर्डर हातची घालवायची नाही. भाचा म्हणतो, ‘मामी, आधी कॅश फ्लो स्टेटमेंट वाच.’ मी बी.कॉम. आहे, पण ते पान बघून काही उलगडत नाही. मार्च 2025 अखेरच्या अहवालातली पानं सोबत जोडतेय. त्यांच्याकडे खरंच पैसे आहेत का? आणि चालू गुणोत्तराचं काय? – सौ. अ. क., मुलुंड

उत्तर :

ताई,

आधी उत्तर सांगते, कारणं मागून. माल दुप्पट करू नका, आणि 90 दिवस लिहून तर मुळीच देऊ नका. कंपनी उद्या बुडेल असं मी म्हणत नाही, तसं म्हणण्याजोगं तुम्ही पाठवलेल्या कागदांत काही नाही. पण तिला रोकडीची चणचण आहे, ती वाढते आहे, आणि सध्या ती बऱ्याच अंशी तुमच्यासारख्या पुरवठादारांच्या पैशावर भागवली जातेय. भाच्याने बरोबर पान उघडायला सांगितलं.

परचेस मॅनेजर खोटं बोललेले नाहीत. नफा 29 कोटींवरून 38 कोटींवर गेलाय आणि रोकड 12 कोटींवरून 21 कोटींवर. पण या दोन आकड्यांवरून तुमचं बिल वेळेवर मिळेल का, हे कळत नाही. माल पाठवून बिल काढलं की विक्री झाली, नफा धरला गेला, पैसे येवोत न येवोत. तुमच्याच वहीत बघा. मार्चमध्ये या कंपनीला पाठवलेल्या मालाचा नफा तुम्ही मार्चमध्ये धरलात, त्यावरचा जीएसटी 20 एप्रिलपर्यंत खिशातून भरलात, आणि पैसे यायला जुलै उजाडला. त्यांच्या वितरकांनी त्यांच्याशी नेमकं हेच चालवलंय. रोकडीचं म्हणाल तर ती 31 मार्चच्या संध्याकाळची शिल्लक आहे. 20 मार्चला किती होती आणि 10 एप्रिलला किती उरली, हे त्या आकड्यात नाही. वर्षअखेरीला देणी आठ-दहा दिवस रोखून धरली तरी ही शिल्लक फुगते.

कॅश फ्लो स्टेटमेंट हे वर्षभरात रोख कुठून आली आणि कुठे गेली त्याचा हिशेब असतो. त्याचे तीन भाग. ऑपरेटिंग, म्हणजे धंद्यातून आलेले पैसे. इन्व्हेस्टिंग, म्हणजे यंत्रं, इमारती, गुंतवणुकी यांत गेलेले किंवा त्या विकून आलेले. फायनान्सिंग, म्हणजे कर्ज घेतलं-फेडलं, व्याज दिलं, लाभांश दिला, ते. तिन्हींची बेरीज म्हणजे वर्षभरात वाढलेली किंवा घटलेली शिल्लक. शेवटची बेरीज बघून पान मिटू नका, सगळी गोष्ट मधल्या ओळींत आहे.

तुमच्या पानावरचा पहिला भाग घेऊ. सुरुवात करपूर्व नफ्यापासून, 51 कोटी. त्यात 17 कोटींचा घसारा, म्हणजे यंत्रं-इमारतींच्या झिजेपोटी धरलेला खर्च, परत मिळवलाय, कारण घसाऱ्यापोटी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. 24 कोटी व्याज परत मिळवलंय, कारण ते तिसऱ्या भागात दाखवतात. 4 कोटींचं इतर उत्पन्न वजा केलंय. झाले 88 कोटी. इथपर्यंत चित्र चांगलं आहे. माल खपतोय, भाव मिळतोय, धंद्यात दम आहे. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण तुम्ही कुणा फडतूस कंपनीशी व्यवहार करताय असं नाही.

आता त्याखालच्या ओळी, जिथे बहुतेक वाचक घाईने पुढे जातात. व्यापारी येणी, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे, वाढली, वजा 58 कोटी. साठा वाढला, वजा 41 कोटी. व्यापारी देणी वाढली, अधिक 46 कोटी. किरकोळ वजा 3 कोटी. उरले 32 कोटी. त्यातून आयकर 13 कोटी गेला आणि धंद्यातून निव्वळ हाती आले 19 कोटी.

ताई, ती ‘व्यापारी देणी वाढली, अधिक 46 कोटी’ ही ओळ म्हणजे तुम्ही. तुमच्यासारख्या पुरवठादारांचे जे पैसे कंपनीने दिले नाहीत, ते तिच्या हाती राहिले, म्हणून ते या पानावर अधिकच्या चिन्हाने दिसतात. 60 दिवसांचे 115 दिवस झाले तेव्हा तुमचे साधारण 29 लाख जास्तीचे तिकडे अडकले. ते 29 लाख या 46 कोटींत बसलेत. कंपनीचं ऑपरेटिंग रोख उत्पन्न 19 कोटी ‘अधिक’ दिसतंय ते तुम्ही थांबलात म्हणून.

पण न्यायाने हिशेब करायचा तर सगळे 46 कोटी थकवलेले आहेत असंही म्हणता येणार नाही. धंदा वाढला की खरेदी वाढते आणि खरेदीबरोबर देणीही वाढतात. विक्री 540 कोटींवरून 620 कोटींवर गेली, म्हणजे सुमारे 15 टक्के वाढ. देणी 102 कोटी होती, तीही त्याच हिशेबाने वाढली असती तर 117 झाली असती. ती झालीत 148 कोटी. म्हणजे 15 कोटींची वाढ धंद्याबरोबर आलेली, रास्त. वरचे 31 कोटी मात्र पैसे लांबवून उभे केलेत. ते 31 कोटी वेळच्या वेळी दिले असते तर ऑपरेटिंगचा आकडा उणे 12 कोटी आला असता. 38 कोटी नफा मिरवणाऱ्या कंपनीची रोकडीतली खरी स्थिती ही आहे. दुसऱ्या कुठल्या कंपनीचं पान हाती आलं तर हाच हिशेब करा. विक्री किती टक्के वाढली, देणी किती टक्के वाढली, आणि विक्रीच्या प्रमाणापेक्षा देणी जितके कोटी जास्त वाढली ते ऑपरेटिंगच्या आकड्यातून काढल्यावर काय उरतं.

आता व्याज. याबाबत बरेच जण फसतात. आपल्याकडे मोठ्या कंपन्या इंड एएस 7 या लेखामानकाप्रमाणे हे विवरण बनवतात आणि त्यात बँका-वित्तसंस्था सोडून बाकी कंपन्यांनी दिलेलं व्याज फायनान्सिंगमध्ये जातं, ऑपरेटिंगमध्ये नाही. भाडेपट्ट्याचे हप्तेही इंड एएस 116 आल्यापासून, म्हणजे एप्रिल 2019 पासून, बहुतांशी तिथेच गेले. त्यामुळे ऑपरेटिंगचा आकडा आहे त्यापेक्षा देखणा दिसतो. बँकेचं व्याज आणि गोदामाचं भाडं काही ऐच्छिक खर्च नाहीत, ते चुकवून कंपनी चालत नाही. तेव्हा 19 कोटींतून 24 कोटी व्याज आणि 5 कोटी भाडेपट्टा स्वतःच वजा करा. उणे 10 कोटी. पुरवठादारांना थांबवून ठेवल्यावरही कंपनीला धंद्यातल्या रोकडीतून स्वतःचं व्याज भागवता आलेलं नाही. माझ्या मते या अहवालातली सगळ्यात महत्त्वाची वजाबाकी हीच, आणि ती छापलेली नाही.

पुढचं पटकन सांगते. यंत्रांवर 36 कोटी घातले, ठेवींवरचं व्याज 3 कोटी आलं, लाभांश 6 कोटी दिला, दीर्घ मुदतीचं कर्ज निव्वळ 8 कोटी फेडलं. हे सगळं त्या उणे 10 मध्ये मिळवलं की उणे 57 कोटी होतात. हा खड्डा भरला कशाने? अल्पमुदतीच्या कर्जाने, 66 कोटी. भरून उरले 9 कोटी. रोकड 12 वरून 21 झाली ते हेच 9 कोटी. परचेस मॅनेजर ज्या रोकडीचा हवाला देतायत तिची वाढ सगळीच्या सगळी बँकेकडून उसनी आणलेली आहे, आणि तीही वर्षाच्या आत परत करायच्या किंवा फिरवायच्या कर्जातून. शिवाय 36 कोटींची यंत्रं आणि दीर्घ मुदतीचे हप्ते याच अल्पमुदतीच्या पैशावर भागलेले दिसतात. यंत्र पैसे सुटायला पाच-सात वर्षं घेतं, कॅश क्रेडिटची, म्हणजे लागेल तसं काढायच्या बँक कर्जाची, मर्यादा मात्र बँक दर वर्षी तपासते. एखाद्या वर्षी बँकेने हात आखडता घेतला तर पहिली झळ कुणाला लागेल, तुम्हीच सांगा.

तुम्ही म्हणाल, वाढत्या कंपनीला पैसा लागतोच की. लागतो. साठा आणि उधारी वाढल्याशिवाय विक्री वाढत नाही, आणि एखाद्या वर्षी ऑपरेटिंगचा आकडा उणे आला म्हणून मी कुणाला घाबरवणार नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे. विक्री 15 टक्के वाढली, येणी 138 कोटींवरून 196 कोटींवर गेली, म्हणजे 42 टक्के. पूर्वी विकलेल्या मालाचे पैसे सरासरी 93 दिवसांत येत, आता 115 दिवस लागतायत. याला दोनच सरळ कारणं असतात. एक तर वितरक थकलेत, नाही तर वर्षअखेरीचे आकडे गाठायला मार्चमध्ये त्यांच्या गोदामात माल कोंबलाय. तुमच्याकडे याचा एक पुरावा घरातच आहे. तुमच्या खोक्यांच्या मागणीचा महिनावार तक्ता काढा. फेब्रुवारी-मार्चमध्ये अचानक उचल वाढून एप्रिल-मेमध्ये ती पडली असेल तर दुसरं कारण जास्त संभवतं. ही माहिती बाजारातल्या कुठल्याही विश्लेषकाकडे नाही, तुमच्या डिलिव्हरी चलनांत आहे. साठ्याबद्दल एक लक्षात ठेवा. पंखे-कूलर बनवणाऱ्याकडे मार्चअखेरीला साठा जास्त असणं साहजिक आहे, उन्हाळा तोंडावर असतो. पण आपण मार्चची तुलना मार्चशी करतोय, तेव्हा हंगामाचं कारण 41 कोटींच्या वाढीला पुरत नाही.

एका वर्षावर निकाल देऊ नये म्हणून मी मागची पानंही बघितली. नफा तीन वर्षांत 24, 29, 38 कोटी. धंद्यातून आलेली रोकड 31, 22, 19 कोटी. एक चढतोय, दुसरी उतरतेय. हे चित्र ओळखीचं आहे. अमेरिकेतली डब्ल्यू. टी. ग्रँट ही दुकानांची अवाढव्य साखळी 1975 मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याआधी ती वर्षानुवर्षं नफा दाखवत होती, लाभांश देत होती, आणि धंद्यातून मात्र रोकड येत नव्हती. पैसा अडकला होता गिऱ्हाइकांच्या उधारीत आणि न खपलेल्या मालात. तुमच्या कंपनीचं तसं होईलच असं नाही, पण ही दरी रुंदावत असताना कुणी आपली उधारी दुप्पट करू नये.

चालू गुणोत्तराचं काय, असं तुम्ही पत्रात शेवटी विचारलंय. बी.कॉम.ला आपण सगळे ते शिकलो. अल्पमुदतीची मालमत्ता 418 कोटी, अल्पमुदतीची देणी 380 कोटी, भागाकार 1.1. दिसायला ठीक. पण त्या 418 कोटींत 196 कोटी वितरकांकडे अडकलेत आणि 172 कोटी गोदामात आहेत. येणी जितकी तुंबतील तितकं हे गुणोत्तर चांगलं दिसतं, हाच त्याचा दोष. त्याऐवजी ऑपरेटिंगचे 19 कोटी भागिले 380 करून बघा. 0.05 येतं. म्हणजे वर्षाच्या आत द्यायच्या प्रत्येक रुपयामागे धंद्यातून पाच पैसे आले. अजून एक सोपा हिशेब. घसारा सोडून वर्षाचा खर्च 556 कोटी, म्हणजे दिवसाला साधारण दीड कोटी. 21 कोटी रोकड ही 14 दिवसांची शिदोरी झाली. तुमचं बिल 115 दिवसांचं आहे.

रोकड किती आहे याइतकंच ती कुठे आहे हेही बघावं लागतं. मुंबईतल्याच कॉक्स अँड किंग्जचं उदाहरण फार जुनं नाही. मार्च 2019 च्या एकत्रित ताळेबंदात हजार कोटींहून जास्त रोकड दाखवणारी ही कंपनी जून 2019 मध्ये कमर्शियल पेपरचे, म्हणजे बाजारातून उचललेल्या अल्पमुदतीच्या कर्जाचे, पैसे वेळेवर देऊ शकली नाही, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तिचं प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात दिवाळखोरीसाठी दाखल झालं. म्हणून दोन गोष्टी तपासत जा. अहवालात दोन विवरणं असतात, एक फक्त त्या कंपनीचं आणि एक उपकंपन्या धरून एकत्रित. तुमचं बिल ज्या कंपनीच्या नावावर आहे तिचं स्वतंत्र विवरण वाचा. उपकंपनीच्या खात्यातला पैसा तुमच्या बिलाला आपोआप येत नाही. दुसरं, टिपांमध्ये ‘इतर बँक शिल्लक’ असं शीर्षक असतं. त्यात बँक गॅरंटी किंवा एलसीसाठी (लेटर ऑफ क्रेडिट) अडकवलेल्या ठेवी असतात. त्या कंपनीच्या असल्या तरी मोकळ्या नसतात.

हे पान वाचून झाल्यावर आणखी तीन ठिकाणी डोकावा, तासाभराचं काम आहे. टिपांमध्ये व्यापारी देण्यांची वयवारी, म्हणजे कुठली रक्कम किती काळ थकलीय त्याचा तक्ता, दिलेली असते, एप्रिल 2021 पासून ती सक्तीची आहे. त्यात सूक्ष्म-लघु उद्योगांची देणी वेगळी दाखवावी लागतात, वादातली देणीही वेगळी. एक वर्षावरच्या रकान्यात आकडे दिसले की समजावं, कुणीतरी तुमच्याही मागे रांगेत उभं आहे. मग ऑडिटरच्या अहवालाला जोडलेलं कारो 2020 चं परिशिष्ट (ऑडिटरने काय काय सांगायचं ते ठरवणारा सरकारी आदेश). त्यात ऑडिटरला सांगावं लागतं की पीएफ, जीएसटी वगैरे सरकारी भरणा वेळेवर झाला का, कर्जफेडीत कसूर झाली का, अल्पमुदतीचा पैसा दीर्घ मुदतीच्या कामाला वापरला का, आणि वर्षभरात येऊ घातलेली देणी कंपनी देऊ शकेल की नाही याबद्दल मोठी शंका आहे का. पीएफ उशिरा भरलेला दिसला तर मला ती फार वाईट खूण वाटते. कारण तो दंडासकट वसूल होतो हे माहीत असूनही जो तो लांबवतो, त्याच्याकडे त्या दिवशी खरंच पैसे नसतात. तिसरं ठिकाण पतमानांकन. क्रिसिल, केअर, इक्रा यांचे अहवाल त्यांच्या वेबसाइटवर फुकट वाचायला मिळतात. त्यात ‘लिक्विडिटी’ असा वेगळा परिच्छेद असतो आणि कंपनीने कॅश क्रेडिटची मर्यादा सरासरी किती टक्के वापरली हे बऱ्याचदा तिथे दिलेलं असतं. नव्वदीच्या पुढे आकडा गेला असेल तर अडीनडीला काढायला काही शिल्लक नाही असं धरा.

आता तुमच्या बाजूचं. या गिऱ्हाइकाकडे तुमचे आजच सुमारे 61 लाख अडकलेत. माल दुप्पट केला आणि उधारी 115 दिवसांवर राहिली तर 1 कोटी 23 लाख होतील. त्यांची सगळी देणी मिळून सरासरी 135 दिवसांवर गेलेली मला त्यांच्या खरेदीच्या आकड्यावरून दिसतायत, म्हणजे तुम्ही अजून बऱ्यापैकी पुढच्या रांगेत आहात. तुम्हालाही तिथे नेलं तर 1 कोटी 44 लाख. तुमची कॅश क्रेडिटची मर्यादा 50 लाख, व्याज 11 टक्के, आणि वापीच्या मिलला क्राफ्ट पेपरचे पैसे 30 दिवसांत द्यावे लागतात असं तुम्ही लिहिलंय. वरचे पैसे तुम्ही आणणार कुठून? घर तारण ठेवायचा विचार यजमानांच्या मनात असेल तर त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा. त्यांची कळकळ मला समजते, मोठी ऑर्डर रोज दारात येत नाही. पण कंपनी दिवाळखोरीत गेलीच तर पुरवठादार हा ऑपरेशनल क्रेडिटर, म्हणजे माल-सेवेचे पैसे येणं असलेला धनको, ठरतो. वसुलीच्या रांगेत तारण घेतलेल्या बँका त्याच्या पुढे असतात आणि त्यांचं भागल्यावर मागे फारसं उरत नाही.

कायदा तुमच्या बाजूने आहे, तो वापरा. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारकडची नोंद) आहे असं तुम्ही म्हणता आणि तुमची उलाढाल बघता तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योगातच बसता. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायद्याप्रमाणे अशा उद्योगाचे पैसे लेखी करार असला तर जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, करार नसला तर 15 दिवसांत. 90 दिवस लिहून घेतले तरी कायद्यापुढे 45 च. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ, असं व्याज लागतं. शिवाय आर्थिक वर्ष 2023-24 पासून आयकरात 43बी(एच) ही तरतूद आलीय. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत कंपनीला करात वजा मिळत नाही. ‘आम्ही एमएसएमई नाही’ किंवा ‘मुदतीनंतरचं व्याज मागणार नाही’ असा कुठलाही कागद समोर ठेवला तर सही करू नका. आणि तुमचा उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापलेला हवा, तो नसला तर आजच सुरू करा.

पण सुविधा परिषदेकडे, म्हणजे लघुउद्योगांच्या थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, तक्रार हा शेवटचा उपाय, गिऱ्हाईक तुटतं. त्याआधी ट्रेड्स मागा. ही रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारी बिल वटवण्याची व्यवस्था आहे. आरएक्सआयएल, एम1एक्स्चेंज, इन्व्हॉइसमार्ट हे तिचे मंच. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांनी तिथे नोंदणी करणं आता बंधनकारक आहे, आणि या कंपनीची उलाढाल 620 कोटी आहे. तुमचं बिल कंपनीने तिथे स्वीकारलं की बँका त्यावर बोली लावतात. तुम्हाला थोडी कसर सोडून दोन-तीन दिवसांत पैसे मिळतात आणि पुढे कंपनीने पैसे बुडवले तरी बँक तुमच्या मागे लागत नाही. यात तुम्हाला आणखी एक गोष्ट कळते, जी अहवालात नसते. या कंपनीच्या बिलावर बँका काय दर मागतात. दर चढा आला किंवा बोलीच आली नाही, तर बँकांचं मत कळलं. आणि कंपनीच बिल स्वीकारायला टाळाटाळ करू लागली, तर तेही उत्तरच आहे.

म्हणून परचेस मॅनेजरना असं सांगा. ‘साहेब, वाढीव मालाला आमची तयारी आहे, पण वाढीव माल ट्रेड्सवर, बिल सात दिवसांत स्वीकारायचं. जुना 16 लाखांचा माल चालू राहील, पण जुनी बाकी 75 दिवसांवर येईपर्यंत त्यात वाढ नाही.’ आवाज चढवू नका, नऊ-नऊदा फोन करू नका, ईमेल करा आणि त्यांच्या फायनान्सच्या माणसाला प्रत ठेवा. परचेसवाल्याला माल हवा असतो, पैसे सोडणारा वेगळा असतो. तुमचं म्हणणं त्या दुसऱ्यापर्यंत पोहोचायला हवं. ते मान्य झालं तर ऑर्डर जरूर घ्या, तेव्हा जोखीम तुमची राहत नाही. नाही मान्य केलं तर दुप्पट ऑर्डर गेली असं समजू नका, ती पैशासकट कधी आलीच नव्हती.

दरम्यान पैसे कसे येतात तेही टिपून ठेवा. बिलागणिक पैसे यायचे थांबून पाच लाख, सात लाख असे गोल आकडे ‘ऑन अकाउंट’ येऊ लागले, पुढच्या तारखेचे चेक पुढे केले जाऊ लागले, किंवा मालाच्या दर्जाच्या पूर्वी कधी न निघालेल्या तक्रारी बिलाची तारीख आली की निघू लागल्या, तर उधारी तिथल्या तिथे आणखी कमी करा. आणि 180 दिवसांच्या आत पैसे न दिल्यास त्यांना त्या बिलावरचं जीएसटीचं क्रेडिट परत करावं लागतं, हे तुमच्या ईमेलमध्ये एका ओळीत लिहायला हरकत नाही. फायनान्सवाले ती ओळ वाचतात.

नोंदलेल्या कंपन्यांना सप्टेंबरअखेरचं सहामाही कॅश फ्लो स्टेटमेंटही निकालासोबत द्यावं लागतं, 14 नोव्हेंबरपर्यंत ते बीएसईच्या वेबसाइटवर येईल. भाच्याला सोबत घेऊन बसा. येणी, साठा, देणी या तीन ओळी बघा आणि ऑपरेटिंगच्या आकड्यातून व्याज वजा करा. वजाबाकी अधिकात आली आणि देणी 148 कोटींवरून खाली उतरली असतील तर मला पुन्हा लिहा, आपण 20-22 लाखांपर्यंत माल वाढवायचा विचार करू. ऑपरेटिंग अधिक आणि देणी त्याहून जास्त वाढलेली असतील, तर 16 लाखांचा मालही 10 वर आणा आणि मोकळी झालेली मशीन दुसऱ्या गिऱ्हाइकाला द्या. वसई-भिवंडी पट्ट्यात 30 दिवसांत पैसे देणारी छोटी गिऱ्हाइकं आहेत. त्यांची ऑर्डर एकेक लाखाची असेल, पण वापीच्या मिलचं बिल त्यांच्या पैशातून वेळेवर जाईल.